उलट्या बाजूने आखलेलं टेबल

वकीलबाई हे नाव तिला तिच्या वडिलांनी ठेवलं. प्रेमाने नव्हे, वैतागून. ती नऊ वर्षांची असताना तिने भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांदेखत, त्यांना विचारलं होतं, "बाबा, काल तुम्ही यांना 'उद्या नक्की' म्हणालात. तो उद्या आज आला की अजून यायचाय?" गिऱ्हाइकं हसली. बाबांनी तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि म्हणाले, "घ्या. आमच्या वकीलबाई आल्या." तेव्हापासून सगळ्या गल्लीला तिचं खरं नाव विचारायची गरज पडली नाही.

आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि कायद्याशी तिचा संबंध एवढाच होता की कोर्टातले दोन वकील दर वर्षी आपले काळे कोट तिच्याकडे कमरेत सैल करून घ्यायला आणत.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. शिवणकामाचं दुकान ती आणि आई चालवत होत्या आणि ते नीट चाललं होतं. कपडे वेळेवर जात होते, उलट आता जरा जास्तच वेळेवर. बिघडलं होतं ते वेगळंच. घरात भांडण उरलं नव्हतं. पूर्वी खिडकी किती उघडी ठेवायची यावरून तिघांत सकाळचे अकरा वाजत. आता ती विचारायची, "आई, बाही अर्धा इंच कमी करू?"

"कर."

"की राहू दे?"

"राहू दे."

एकदा तिने मुद्दाम म्हणून पाहिलं, "दुकानाला निळा रंग देऊ या का?" निळ्या रंगाला आई चाळीस वर्षं नाक मुरडत आली होती. आईने काजं करता करता मान हलवली. "तुला हवा तर दे."

त्याच आठवड्यात तिने कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. कुणी विचारलं तर ती सांगे, लहानपणापासूनची इच्छा होती. ते खोटं नव्हतं. पण लहानपणापासूनची इच्छा बत्तीस वर्षं गप्प बसते आणि एका मंगळवारी अचानक उठते, याला काहीतरी कारण असणार. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

कॉलेजात चौकशी केली तेव्हा कळलं की संध्याकाळच्या वर्गांची ही शेवटची तुकडी. पुढच्या वर्षापासून वर्ग फक्त दिवसा. दिवसा शिकायचं म्हणजे दुकानाला कुलूप. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही. भाषा आणि सामान्यज्ञान यांची तिला भीती नव्हती. शिलाई यंत्राच्या खणात बॉबिनच्या शेजारी तिचं एक तरी पुस्तक कायम असायचं. भीती होती ती तर्काची. तीस प्रश्न, त्यात किमान पंधरा बरोबर हवेत. चौदा आले तर बाकीचा पेपर कितीही सोन्याचा असो, कुणी धरत नाही.

पहिल्या सराव परीक्षेत तिला नऊ मिळाले.

"नऊ?" मास्तर म्हणाले. "वकीलबाई, अहो, डोळे मिटून पर्यायांवर खुणा केल्या असत्या तरी सात आले असते. म्हणजे एवढ्या अभ्यासाची कमाई दोन."

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, गल्लीच्या टोकाला राहणारे. ते आणि बाबा तीस वर्षं एकमेकांशी फक्त भांडले, म्हणून त्यांना मित्रच म्हणायचं. बाबा गेल्यावर महिनाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एके दिवशी एक पँट घेऊन आले. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. "मास्तरकाका, हिला काय करायचंय?" "बघ, असेल काहीतरी," ते म्हणाले आणि बाकावर बसले. त्या पँटला काहीही करायचं नव्हतं. ती पँट अजून दुकानातच होती आणि तिची चौकशी करायला मास्तर रोज येत होते.

तर्क शिकवायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कापायच्या मोठ्या टेबलाच्या एका कडेला पुस्तक, दुसऱ्या कडेला काम. तिचे हात रिकामे नसत, म्हणून प्रश्न आईने वाचायचे असं ठरलं. आई "वाचते" म्हणाली, कारण आई सगळ्यालाच हो म्हणत होती.

"सर्व छत्र्या ससे आहेत," आईने वाचलं. मग चष्मा नीट केला. "काही ससे डॉक्टर आहेत. तर काही छत्र्या डॉक्टर आहेत, हा निष्कर्ष निघतो का?"

"नाही निघत," ती कात्री चालवत म्हणाली. "की निघतो?"

"छत्र्या ससे कशा असतील?" आई म्हणाली.

"वहिनी, तसं मानायचं असतं," मास्तर म्हणाले.

"का मानायचं?"

"पुस्तकात दिलंय म्हणून."

"पुस्तकात काय, काहीही देतील. उद्या म्हणतील सगळे शिंपी बदकं आहेत. नाही. मी नाही मानणार."

तिची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. आठ महिन्यांत आईच्या तोंडून आलेला तो पहिला 'नाही' होता. तिने मास्तरांकडे पाहिलं नाही, आईकडे तर नाहीच नाही. पाखराकडे पाहिलं की ते उडतं. ती फक्त म्हणाली, "पुढचं वाच."

त्या दिवसापासून आईला तर्काच्या पुस्तकाचा राग येऊ लागला आणि राग काढायला म्हणून ती ते रोज उघडू लागली.

वकीलबाईंची अडचण वेगळी होती. ती छत्र्यांना ससे मानायला तयार होती. पण मग प्रश्नात न दिलेलंही काही मानावं असं तिला वाटे. 'रस्त्यावर पाणी साचल्यामुळे शाळेला सुट्टी देण्यात आली. यात काय गृहीत धरले आहे?' या प्रश्नापुढे चार पर्याय होते. तिने समासात पाचवा लिहिला: 'मुख्याध्यापकांनाच घरी राहायचं असेल.'

"चारांतला एक निवडायचा," मास्तर म्हणाले. "पाचवा लिहिणारी तू माझ्या नोकरीतली पहिली."

"पण शक्य आहे की नाही?"

"शक्य तर मी आत्ता उठून नाचणंही आहे. ते प्रश्नात आहे का? अगं, तर्क म्हणजे समोरच्याचं म्हणणं तोंड वाकडं न करता ऐकून घ्यायचं आणि त्यातून तेवढंच काढायचं, जेवढं त्यात आहे. तुझ्या बापाला जन्मात जमलं नाही ते."

"बाबा माप घेताना करायचे की," ती म्हणाली. "कमरेचं माप घ्यायचं, पोटाबद्दल बोलायचं नाही."

मास्तर म्हणाले, "हेच. हेच ते. छत्र्या ससे आहेत हे गिऱ्हाइकाचं माप. लिहून घे आणि गप्प बैस."

कुणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. गिऱ्हाइकाला बेडकाच्या रंगाचा कोट हवा असेल तर ती का म्हणून विचारत नसे; कापड किती लागेल ते सांगे. तसंच हे. पंधरा दिवसांत पहिल्या वीस प्रश्नांतले बारा बरोबर येऊ लागले.

राहिले शेवटचे दहा. हे बैठकीचे आणि दिशांचे. आठ माणसं गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलीत. अ-च्या लगेच उजवीकडे ब आहे. ड हा ब-च्या शेजारी नाही. मग क-च्या डावीकडे तिसरा कोण? ती टेबलावर बटणं मांडी. अ म्हणजे ओव्हरकोटचं मोठं काळं, ब म्हणजे शिंपल्याचं, ड पितळी. आई शेजारी बसून लक्ष घाली.

"हा ड ब-च्या शेजारी का नाही बसत?"

"दिलंय तसं, आई."

"काहीतरी झालं असणार त्यांच्यात. आणि हा ह बघ, कुणाच्याही शेजारी बसतो. स्वभावाने गरीब असेल."

"तो फ-च्या शेजारी नाही बसत."

"मग फ-चंच चुकलं असणार."

बटणं मांडून झाली की ती तशीच आकृती कागदावर काढून घेई आणि उत्तरं लिही. दहांपैकी दोन बरोबर. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशीही दोन. बारा आणि दोन, चौदा. पंधराला एक कमी. परीक्षा तीन आठवड्यांवर आली तरी चौदाच. भिंतीला डोकं लावून उभं राहावं तसा तो आकडा.

मास्तरांनी सगळे जुने कागद मागून घेतले आणि दुपारभर चाळत बसले. संध्याकाळी म्हणाले, "हे चूक नाही. हे काहीतरी भयंकर आहे. चुकणारा माणूस कधीतरी चुकून बरोबर येतो. तू येत नाहीस. समोर कोण बसलंय ते तुला दर वेळी सापडतं आणि डावा-उजवा एकदाही सापडत नाही. एवढं नेमकं चुकायला सगळं येत असावं लागतं."

"हे कौतुक आहे का?" तिने विचारलं.

"मलाच कळत नाहीये."

आईने त्यातला एक कागद उचलला. कागद पातळ होता. आईने तो सवयीने, कापडाची वीण बघायला धरावा तसा, खिडकीच्या काचेवर धरला, मग उलटा करून धरला. काळं बटण, शिंपल्याचं बटण. तिने बोटाने एकेक मोजलं आणि पुस्तकाच्या मागची उत्तरं पाहिली.

"अगं," आई म्हणाली, "तू उलट्या बाजूवर आखतेस."

लेक सावकाश खाली बसली.

खडू नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला लावायचा, म्हणजे कोटाच्या दर्शनी बाजूवर खूण राहत नाही. आणि उलट्या बाजूला आखताना डावं ते उजवं होतं, उजवं ते डावं. बाबांनी तिला हे बाराव्या वर्षी शिकवलं होतं. चुकलं की लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे; तिच्या हातावर कधी नाही, टेबलावर. टेबलाच्या त्या कोपऱ्याला अजून खाचा होत्या. वर्षभराने विचार करावा लागेनासा झाला. कानावर 'उजवीकडे' आलं की हातातला खडू आपोआप डावीकडे जाई. आखलेलं वाचताना मात्र ती, कपडा पुरा शिवून सुलट करून समोर टांगला आहे असं समजून, वाचत होती.

मास्तरांनी कागदामागून कागद काचेवर उलटा धरून तपासला. दहांपैकी दहा. दहांपैकी दहा. दहांपैकी नऊ. "आखताना आणि वाचताना, दोन्ही वेळा चुकली असतीस, तरी बरोबर आली असतीस," ते म्हणाले. "अर्धंच चुकतेस, ही पंचाईत. आता एकच उपाय. ही सवय मोडायची."

"हो," ती म्हणाली.

बाबा गेल्यापासून त्यांचं एकेक सामान घरातून कमी झालं होतं. चपला, चष्मा, औषधांचा डबा. ते सगळं तिने स्वतः केलं होतं आणि नीट केलं होतं. तसंच हेही, असं ती स्वतःला म्हणाली आणि कागद घेऊन बसली.

आठवडाभर तिने हाताला सुलट आखायला शिकवलं. उजवं म्हणजे उजवं. हात कुरकुरला, मग ऐकू लागला. आणि शनिवारी हॉटेलचा दरवान आपला गणवेशाचा कोट घेऊन परत आला. दोनच दिवसांपूर्वी तो नवा शिवून नेला होता.

"बाई, मी अकरा वर्षं पेन काढायला डावीकडे हात घालतोय," तो म्हणाला. "काल पाहुण्यांसमोर स्वतःची छाती चाचपत उभा होतो. मॅनेजर म्हणाले, दुखतंय का?"

खिसा उजवीकडे लागला होता. कोटावरचा हॉटेलचा बिल्लाही खिशाबरोबर उजवीकडे गेला होता.

दरवान गेल्यावर आईने पुस्तक मिटलं. "पुरे झालं. सवय मोडायची नाही."

"वहिनी, परीक्षेत..." मास्तरांनी सुरुवात केली.

"परीक्षा दोन तासांची. दुकान रोजचं. आज खिसा उजवीकडे गेला, उद्या एका कोटाला दोन डाव्या बाह्या येतील. तो हात त्यांनी तिला दिलाय. तुम्ही कोण काढून घेणार?"

एवढं बोलून आई आत निघून गेली. मास्तरांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

मग असं ठरलं की हात करतो ते करू द्यायचं. परीक्षेत कच्च्या कामाला कागद मिळेल, त्यावर उलटंच आखायचं आणि कागद पालटून उजेडात धरून वाचायचं. उरलेल्या दिवसांत तिने तेच केलं. तीसपैकी बावीस, तेवीस. मास्तर पँटची चौकशी करायचं विसरून गेले.

परीक्षेच्या दिवशी पहिले वीस प्रश्न खडतर निघाले. ते संपले तेव्हा तिला खात्रीचे आठ-नऊच वाटत होते. म्हणजे सगळी मदार शेवटच्या दहांवर. तिने कच्च्या कामाचा कागद पुढे ओढला. तो कागद नव्हता. तो लग्नाच्या पत्रिकेसारखा जाड, पिवळा पुठ्ठा होता. उजेडात धरला तर उजेडच अडेल.

ठीक आहे, पुठ्ठ्यावर उलटं आखू आणि मनात पालटू. तिने आठ माणसं गोल बसवली आणि थांबली. हे उलट आखलं की सुलट? आठवडाभर शिकवलेला सुलटपणा, तीस वर्षांचा उलटपणा आणि वर ही भीती. हाताने कुणाचं ऐकलं असेल, सांगता येईना. एकदा वाटलं उलट आहे. मग वाटलं, उलट वाटतंय म्हणजेच सुलट असणार. घड्याळात बावीस मिनिटं उरली होती.

ती मनात म्हणाली, बाबा, हे कुठल्या बाजूचं आहे?

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, इतके महिने ती त्यांना काही विचारायचं टाळत होती ते म्हणूनच. तिने म्हटलं, नसेल येत तर नसेल. सगळं खोडून तिने पुन्हा एकाच माणसापासून सुरुवात केली. अ इथे, माझ्या पुढ्यात, माझ्यासारखा टेबलाकडे तोंड करून. माझी लेखणी ज्या हातात तो उजवा, तिथे ब. इथपर्यंत शंकेला जागा नव्हती. पुढे ड, टेबलाच्या पलीकडे. आता ड-चा उजवा हात कुठला?

कापड एकदा अंथरलं की ते हलवायचं नाही, वीण तिरकी होते; कापणाऱ्याने टेबलाभोवती फिरायचं. हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की आपण उठून उभ्या राहिलो आहोत हे तिला पर्यवेक्षक बाई समोर येईपर्यंत कळलं नाही.

"कुठे निघालात?"

"ड-च्या जागेवर," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"तिकडे. बाकाच्या पलीकडे. एक मिनिट उभी राहते आणि येते."

पर्यवेक्षक बाईंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात बऱ्याच युक्त्या पकडल्या असाव्यात, ही त्यांतली वाटत नव्हती. "अहो बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही कशाला फिरता? कागद फिरवा की."

कागद फिरवा. तीस वर्षांत हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. ती खाली बसली. तिने पुठ्ठा अर्धा वळसा फिरवला आणि ड निमूटपणे तिच्या पुढ्यात आला, त्याचा उजवा हात तिच्या उजव्या हाताशी. मग क आला. मग फ, ज्याच्या शेजारी ह बसत नाही. शेवटचं उत्तर तिने भरलं तेव्हा दोन मिनिटं उरली होती.

निकाल महिन्याने लागला. तर्कात सतरा. मास्तरांनी आकडा मोबाइलवर वाचला, मोबाइल आडवा करून पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "म्हणजे शेवटच्या दहांतले निदान आठ. बरी आहेस." गल्लीला सांगायला ते स्वतः गेले. ती वेळापत्रक घेऊन आईसमोर बसली. वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ, आठवड्यातून पाच दिवस.

"दुकान मी सहाला बंद करत जाईन," ती म्हणाली. "एकटी नको बसूस तू."

"दुकान आठला बंद होतं," आई म्हणाली.

"व्हायचं. आता सहाला."

"का?"

"कारण मी नसणार."

"तू नसणार हे मानलं. त्यातून दुकान बंद, हे कसं निघालं?"

"आई."

"नाही, सांग ना. दुकानात दोन माणसं आहेत. त्यांतलं एक वर्गात गेलं. उरली किती?"

"तुला संध्याकाळी दोरा ओवायला दिसत नाही."

"मास्तर येऊन बसतातच, ओवतील. एवढी गणितं केली, सुईचं भोक नाही सापडणार?"

"आणि गिऱ्हाइकांनी घाई केली तर?"

"उद्या नक्की देते म्हणेन."

"म्हणजे कधी?"

"तू वर्गातून आलीस की बोलू," आई म्हणाली. "आणि जाताना ती खिडकी लाव, केवढी उघडी टाकलीस."

"अर्धीच तर आहे."

"अर्धी ही? ये इकडे, इथे उभी राहून बघ."

ती उठली आणि आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून खरोखरच जरा जास्त उघडी दिसत होती. पण ते मान्य करायला ती काही तयार नव्हती.